आघाताचं संशोधन म्हणजे नेमकं कसलं काम?

प्रश्न थोडक्यात असा : मानसशास्त्रात एम.ए. झालं आहे, घर धाराशिव जिल्ह्यात. भूकंप, दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांच्या गोष्टी ऐकत लहानपण गेलं. आता आघात आणि समाजाचं मानसिक आरोग्य या विषयात संशोधक व्हायचं आहे. काम नेमकं काय असतं, शिकायचं काय, पोट भरतं का, आणि रोज दुःख ऐकून मन टिकतं का?

चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण पहिल्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

मी मूळचा मनोविकारतज्ज्ञ. काही वर्षं ओपीडी चालवली, मग साथरोगशास्त्राकडे, म्हणजे लोकसंख्येत आजार कुणाला, किती आणि का होतो हे मोजणाऱ्या शास्त्राकडे वळलो आणि तिकडचाच झालो. ओपीडीत येतो तो माणूस त्रासात असतोच, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला हळूहळू वाटायला लागतं की जिथे आपत्ती तिथे आजार. या संशोधनात उलटं करावं लागतं. जे ओपीडीपर्यंत आलेच नाहीत, ज्यांना काही झालं नाही, जे दोन महिन्यांत सावरले, जे गाव सोडून गेले, त्या सगळ्यांनाही मोजावं लागतं. आजारी माणसं अंशात येतात. आपलं अर्ध्याहून अधिक काम छेदावर, म्हणजे ‘एकूण किती जणांपैकी’ हे ठरवण्यावर असतं. ज्याला फक्त माणसांशी बोलून त्यांना बरं करायचं आहे त्याने समुपदेशक व्हावं. ते काम कमी दर्जाचं नाही, पण ते वेगळं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या ‘वर्ल्ड मेंटल हेल्थ सर्व्हे’ या मालिकेत २४ देशांतल्या सुमारे ६९ हजार प्रौढांना त्यांच्या आयुष्यातल्या आघातांबद्दल विचारलं गेलं. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, युद्ध, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, असं सगळं धरून जवळजवळ ७० टक्के लोकांनी किमान एक प्रसंग सांगितला. याच मालिकेत आघात सोसलेल्यांपैकी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, आयुष्यात कधीतरी झालेले ५.६ टक्के निघाले. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच आपला विषय. एवढ्या जणांवर वेळ आली, मग आजार याच थोड्यांना का?

आणखी एक गंमत अशी की आजार कुठून येतो याचा आपला अंदाज बहुधा चुकतो. नेओमी ब्रेस्लाऊ यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरात सर्वेक्षण केलं. एकेका घटनेचा विचार केला तर मारहाण आणि लैंगिक हिंसेनंतर पीटीएसडीचा धोका बराच जास्त होता. पण एकूण रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या मुळाशी होता जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू. प्रत्येकी धोका कमी, पण प्रसंग इतका सर्वसामान्य की बेरीज मोठी होते. टीव्हीवर दिसणारी आपत्ती आणि लोकसंख्येत आजार वाढवणारी आपत्ती वेगळ्या असू शकतात. हे डोक्यात बसलं की विषयाचं दार उघडलं असं समजा.

आता मुख्य मुद्दा. माझं मत स्पष्ट आहे : घटना किती भयंकर होती यावर आपण फार वेळ घालवतो आणि घटनेनंतरच्या दोन-पाच वर्षांवर फार कमी.

सँड्रो गेलिया यांची वाटचाल बघा. माल्टात जन्म, कॅनडात डॉक्टर, सोमालियात प्रत्यक्ष रुग्णसेवा, आणि मग अमेरिकेत साथरोगशास्त्र. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांत त्यांच्या गटाने मॅनहॅटनमध्ये ११० व्या रस्त्याच्या दक्षिणेला राहणाऱ्या १,००८ प्रौढांना फोनवर विचारलं. त्या हल्ल्याशी निगडित पीटीएसडी ७.५ टक्क्यांमध्ये आढळला, नैराश्य ९.७ टक्क्यांमध्ये. कॅनाल स्ट्रीटच्या खाली, म्हणजे टॉवरच्या जवळ राहणाऱ्यांत पीटीएसडीचं प्रमाण २० टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा सर्वेक्षण झालं तेव्हा ११० व्या रस्त्याच्या दक्षिणेच्या त्या सगळ्या भागात हल्ल्यामुळे झालेल्या पीटीएसडीचं प्रमाण ०.६ टक्क्यांवर आलं होतं.

चार वर्षांनी, ऑगस्ट २००५ मध्ये, त्याच देशात कतरिना वादळ आलं. रोनाल्ड केसलर यांच्या गटाने बाधित लोकांना पाच ते आठ महिन्यांनी एकदा आणि त्यानंतर साधारण वर्षाने पुन्हा विचारलं. सगळ्यांना अपेक्षा होती की आकडे उतरतील. ते चढले. पीटीएसडी १४.९ टक्क्यांवरून २०.९ वर गेला, आत्महत्येचे विचार २.८ वरून ६.४ टक्क्यांवर. कारणं शोधली तेव्हा वादळाच्या रात्रीपेक्षा नंतर न सुटलेल्या अडचणी मोठ्या निघाल्या. घर अजून पडलेलं, विम्याचा वाद, नोकरी गेलेली, शेजारी विखुरलेले. दोन्ही सर्वेक्षणांच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकड्याला आकडा लावून वजाबाकी करायची नाही. पण एकीकडे रेषा खाली गेली आणि दुसरीकडे वर. मॅनहॅटनमध्ये बहुतेकांचं घर, पगार आणि गल्ली जागेवर होती. कतरिनाच्या पट्ट्यात अनेकांची नव्हती.

तुमच्या जिल्ह्याकडे याच नजरेने बघा. किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं असलेली माळवदी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, नंतर तिथे मानसिक आरोग्याच्या गरजांवर प्रकल्प घेतला आणि त्यात पुढाकार होता डॉ. मोहन आगाशे यांचा. रंगभूमीवरचे आगाशे सगळ्यांना माहीत असतात, हे काम कमी जणांना. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. कुणाला किती मोठं घर हे जमिनीवर ठरलं : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. रस्ते सरळ आणि रुंद, घरं एकमेकांपासून लांब. जुन्या गावात गल्ली होती, भावकी होती, ओट्यावर बसलं की चार माणसं भेटायची.

या गावांत जाऊन ‘तुम्हाला भूकंपाची स्वप्नं पडतात का?’ एवढंच विचारणारा अभ्यास मला अपुरा वाटतो. विचारायला हवं ते असं : घर कुणाच्या नावावर झालं? मदतीची रक्कम विधवेच्या हातात आली की दिराच्या? शेत नव्या गावठाणापासून किती लांब पडलं? भावांची वाटणी कधी झाली आणि त्यानंतर कोण कुणाशी बोलत नाही? या प्रश्नांची उत्तरं प्रश्नावलीत चौकटी पाडून घेता येतात. ते कंटाळवाणं काम आहे, मानसशास्त्राच्या माणसाला ते ‘आपलं’ वाटत नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते राहून जातं.

उत्तर कॅरोलिनातला एक अभ्यास याची दुसरी बाजू दाखवतो. जेन कॉस्टेलो यांचा गट १९९३ पासून १,४२० मुलांचा दरवर्षी पाठपुरावा करत होता, त्यांत चेरोकी आदिवासी कुटुंबांमधली बरीच मुलं होती. मध्येच, १९९६ मध्ये, आदिवासींच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि प्रत्येक चेरोकी कुटुंबाला नफ्याचा वाटा मिळू लागला. संशोधकांनी काहीच केलं नव्हतं, पैसा आपोआप आला. ज्या घरांची गरिबी सरली तिथल्या मुलांची वर्तनाची लक्षणं कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकी कमी झाली. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. हा दुसरा निष्कर्ष लोक सांगायला विसरतात. पैशाने सगळं बरं होतं असं म्हणायचं असेल तर तो अडचणीचा आहे, म्हणून मला तो जास्त आवडतो.

इथे नशिबाचाही भाग आहे हे मान्य करू. आपत्तीपूर्वी लोक कसे होते हे माहीत असणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात दुर्मीळ धन. न्यू ऑर्लिन्सच्या दोन कम्युनिटी कॉलेजांमधल्या १,०१९ कमी उत्पन्नाच्या तरुण पालकांवर (बहुतेक कृष्णवर्णीय आया) एक शैक्षणिक अभ्यास चालू होता, त्यात आरोग्याचे प्रश्नही होते. मग कतरिना आलं. संशोधकांनी विषय बदलला आणि त्याच बायकांना बारा वर्षं शोधून काढत राहिले. बारा वर्षांनंतरही दर सहा जणींमागे एकीला पीटीएसडीची लक्षणं होती. ‘आधी’ची नोंद नसती तर हे वादळाचं की आधीपासूनचं, हा वाद कधीच मिटला नसता. म्हणून माझा सल्ला : आपत्तीमागे धावण्याऐवजी जिथे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या जातात तिथे काम मिळवा. पुण्याजवळ वढूला केईएम हॉस्पिटल संशोधन केंद्र २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या २२ गावांची जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद ठेवतं. अशा ठिकाणी कनिष्ठ पदावर काढलेली दोन वर्षं चकचकीत परिषदांपेक्षा जास्त शिकवतात.

आता मोजण्याबद्दल थोडं तांत्रिक. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या पुस्तकात १९८० मध्ये आलं, व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत. तिथून परतलेल्या सैनिकांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेले ३०.९ टक्के आणि त्या वेळी त्रासात असलेले १५.२ टक्के निघाले. २००६ मध्ये ब्रूस डोरेनवेंड यांनी तीच माहिती लष्करी कागदपत्रांशी ताडून पाहिली, त्रासामुळे रोजच्या जगण्यात खरंच अडथळा येतो का याची कसोटी लावली. आकडे १८.७ आणि ९.१ टक्क्यांवर आले. सैनिकांनी खोटं सांगितल्याचे पुरावे जवळजवळ नव्हते, आणि ज्याने जास्त लढाई पाहिली त्याला जास्त त्रास हा संबंधही टिकला. माणसं तीच, मुलाखती त्याच, फक्त ‘आजार’ कशाला म्हणायचं ती रेघ सरकली.

ही रेघ तुमच्या हातात असेल तेव्हा काय होतं याचं एक गणित करून बघा. गावात १,००० माणसं, खरोखर आजारी ५ टक्के, म्हणजे ५०. तुमची चाळणी-प्रश्नावली ९० टक्के आजारी पकडते आणि निरोगी माणसांपैकी ८५ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते. कागदावर चांगली वाटते ना? आजाऱ्यांपैकी ४५ सापडतील. पण ९५० निरोगींपैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे १४२ जणही ‘आजारी’ ठरतील. एकूण १८७. तुमच्या अहवालात १८.७ टक्के, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘दर पाचवा गावकरी मनोरुग्ण’. प्रत्यक्षात विसातला एक. आपत्तीनंतरच्या बातम्यांत ‘७० टक्के’, ‘८० टक्के’ असे जे आकडे फिरतात त्यांच्याकडे या गणिताशिवाय मी बघतही नाही. त्यातून सेवेचं नियोजनही चुकतं, कारण १८७ जणांसाठी मागितलेला मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही आणि खरे ५० त्या गर्दीत हरवतात.

म्हणून शिकायचं काय, तर सगळ्यात आधी संख्याशास्त्र आणि नमुना निवड. मानसशास्त्र तुम्हाला येतं. पण एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबता येणं म्हणजे संख्याशास्त्र नव्हे. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, फुकट आहे. सर्वेक्षणातली वजनं, गावागणिक गुच्छ असलेली माहिती, वेळोवेळी घेतलेल्या मोजमापांचं विश्लेषण, आणि मध्येच गळालेल्या लोकांचं काय करायचं हे शिका. पदवी म्हणाल तर मुंबईत टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सामाजिक साथरोगशास्त्रातलं एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेच्या अच्युत मेनन केंद्रात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण आहे, बंगळुरूला निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत साथरोगशास्त्राचा विभाग आहे. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आहे, ज्यांना धोरणाची बाजू आवडते त्यांनी तिथलं काम बघावं. रुग्णांवर उपचारही करायचे असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणीचा मार्ग वेगळा आहे. दोन्ही एकदम करायला जाऊ नका.

पोट भरतं, पण उशिरा. सुरुवातीच्या नोकऱ्या प्रकल्पावरच्या असतात, अकरा महिन्यांचा करार, निधी आला तर पुढे. नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार आणि घरभाडं, त्यावर पीएच.डी. होते. घरच्यांना ‘कायम कधी होणार?’ याचं उत्तर देता येणार नाही अशी पाच-सात वर्षं धरून चला. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी परदेशातून आलेल्या पोस्ट-डॉककडे नसते : तुम्हाला तिथली बोली येते आणि बाई काय सांगत नाहीये हे कळतं. अर्जात ते लिहा, संकोच करू नका.

मुलाखती घेणारी माणसं बहुधा त्याच भागातली बारावी-पदवी झालेली मुलं-मुली असतात आणि त्यांच्या घरातही कुणी गेलेलं असू शकतं. आकडे गोळा करायच्या आधी तीन गोष्टी कागदावर पक्क्या असाव्यात. मुलाखतीत कुणी जीव देण्याचे विचार सांगितले तर त्या मुलीने त्याच तासात कुणाला फोन करायचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर कोणत्या वारी कुठे बसतो. आणि १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येक घरात, आजारी असो नसो. ज्या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात रुग्णाला जिल्हा रुग्णालयात न्यायच्या गाडीचे पैसे नाहीत, त्यावर मी सही करत नाही.

दरड कोसळलेल्या एका वस्तीत मी पाहिलं आहे की एकाच महिन्यात चार-पाच संस्थांची पथकं त्याच बायकांना तेच विचारून गेली. तिसऱ्या पथकाला बाईने उत्तरं पाठ म्हणून दाखवली. त्या माहितीला काडीची किंमत नसते, आणि त्या बाईला दिलेला त्रास वेगळाच. जायच्या आधी तालुक्याला चौकशी करा, आधीच कुणी मोजलं असेल तर त्यांच्याशी हातमिळवणी करा किंवा थांबा.

चांगल्या हेतूनेही नुकसान होतं याचा एक पाठ याच क्षेत्रात आहे. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला एकदा बसवून सगळं बोलायला लावायचं, मन मोकळं झालं की पीटीएसडी टळेल, अशी पद्धत एकेकाळी सर्रास होती. तुलनात्मक चाचण्या झाल्या तेव्हा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रास वाढल्याचं आढळलं. आता जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका मानसिक प्रथमोपचार सांगते : सुरक्षित जागा, पाणी, ब्लँकेट, घरच्यांचा शोध, आणि बोलायचं असेल तरच ऐकणं. हे बदललं ते कुणीतरी ज्यांना असं बसवून बोलायला लावलं नव्हतं त्यांनाही मोजलं म्हणून.

मोजणीतून सेवेकडे जायचं असेल तर दोन कामं जवळची आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘संगत’ सुरू केली आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून नैराश्य-चिंतेवर उपचार करता येतात का हे यादृच्छिक चाचणीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून तुलना करत तपासलं. विदर्भात अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पात, डॉ. राहुल शिधये यांच्या पुढाकाराने, ३० गावांत असंच काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेले ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. हा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण तो आजार किती हे न सांगता मदत किती पोहोचली हे सांगतो. तुमच्या पीएच.डी.त असा एक तरी आकडा असू द्या.

‘मराठवाड्याची माणसं चिवट, सगळं सोसतात’ अशी वाक्यं ऐकली की मला राग येतो. अनेकजण सावरतात हे खरं आहे, ते शास्त्रही सांगतं. पण चिवटपणाचं कौतुक करणाऱ्यांकडून पाण्याच्या टाकीचं आणि पीकविम्याचं काय झालं हे कधी विचारलं जात नाही.

शेवटचा प्रश्न, मन टिकतं का. मुलाखतींपेक्षा एकटेपणा जास्त पोखरतो. दिवसभर ऐकून संध्याकाळी लॉजच्या खोलीत एकटं बसणं वाईट. आमच्याकडे नियम आहे : दिवसाला ठरावीकच मुलाखती, संध्याकाळी पथक एकत्र जेवणार, आठवड्यातून एकदा बाहेरचा वरिष्ठ माणूस बसून ऐकणार, आणि कुणी ‘मला आता कोडिंगचं (उत्तरं वर्गवारीत टाकायचं टेबलावरचं) काम द्या’ म्हटलं तर कारण न विचारता द्यायचं. माझी झोप उडाली होती ती भूकंपाच्या कथांनी नाही, तर एकाच घरात दुसऱ्यांदा गेलो आणि पहिल्या वेळी नोंदवलेली कुठलीच अडचण सुटलेली नव्हती तेव्हा. याला औषध एकच सापडलं, निष्कर्ष तहसीलदार आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर मराठीत, दोन पानांत ठेवणं.

अर्ज करण्याआधी एक काम करून बघा. निम्हान्सचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा २०१५-१६ चा अहवाल इंटरनेटवर मिळतो. प्रौढांत त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असलेले १०.६ टक्के, हा त्यातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा. तो बारा राज्यांतून आला आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. नमुना कसा निवडला ते प्रकरण वाचा, आणि तोच अभ्यास धाराशिव जिल्ह्यात करायचा तर गावं कशी निवडाल, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना कधी आणि कुठे गाठाल, हे चार पानांत लिहा. ऊसतोडीचा प्रश्न सुटला नाही तर दिवाळीनंतर घेतलेलं तुमचं सर्वेक्षण जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त ताणाखाली असलेल्या माणसांना वगळूनच होईल. ती चार पानं घेऊन एखाद्या मार्गदर्शकाकडे जा. गुणपत्रिका नंतर दाखवा.